खाडीच्या तोंडाचे कुलूप

‘रत्नमाला’ उत्तर देत नव्हती. सर्व्हर तिला थोड्या थोड्या वेळाने हाक मारत होता आणि प्रत्येक हाकेनंतर पडद्यावर तीच ओळ उमटत होती : कुलूप ‘रत्नमाला’कडे, प्रतिसाद नाही. अच्युत रेडकरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओळ तशीच होती.

वेळसुरे बंदराच्या मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली लाद्या फोडण्याचा आवाज, वर पंख्यांची घरघर. पुण्याच्या एका कंपनीत असलेच सर्व्हर सांभाळून अच्युतराव उतारवयात गावी परतले होते. घर तांडेलांचे, म्हणजे बोट चालवणाऱ्यांचे. पण त्यांना लहानपणापासून बोट लागायची, आणि चार माणसांत बोलायचे म्हटले की त्याहून जास्त काहीतरी व्हायचे. मुलगी मैथिली मात्र आजोबांवर गेली. ‘जलसखी’ची ती तांडेल होती, आणि या घटकेला ती खाडीच्या तोंडाबाहेर लाटांवर उभी होती.

“बाबा, तोंडाचा नकाशा सोडा ना,” वायरलेसवर तिचा आवाज खरखरला. “यंत्र आत यायला तयार नाही.”

“थांब जरा. बघतोय.”

“तुमचं ‘बघतोय’ ऐकलं की मला धडकीच भरते.”

मागे कोणीतरी खलाशी हसला. तिच्या आवाजात अजून भीती नव्हती. भीती होती ती अच्युतरावांना, कारण बाजूच्या पडद्यावर वादळ दिसत होते. गेले दोन दिवस ते वर गुजरातकडे जाणार, जाणार म्हणत होते. आज सकाळी त्याने इकडे मान वळवली होती.

इशारा मिळाल्यापासून बंदरातल्या सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या होत्या. बाहेर होत्या दोनच. मैथिली इशाऱ्याच्या आधीच खोल समुद्रात गेलेली, ती आता परतत होती. आणि मोरेश्वर कुबल. हा गडी आज पहाटे मुद्दाम निघाला होता. सगळे घरी बसले आहेत म्हणजे समुद्र आपल्या एकट्याचा, दुपारच्या आत परत येऊ, असा त्याचा हिशेब. ‘रत्नमाला’ त्याची.

गेल्या काही वर्षांत समुद्राची चालच बदलली होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. पूर्वी तो वर्षभर एका जागी पडून राही आणि जाणती माणसे पाण्याचा रंग बघून बोट आत घालीत. आता तो प्रत्येक मोठ्या भरतीला कूस बदलत होता. काल जिथे दोन पुरुष पाणी, तिथे आज गुडघाभर. अशा दांड्यावर बोट टेकली की मागची लाट तिला आडवी पाडते, आणि पुढची मग फक्त लाकडे वेचते. गावातली काही घरे अशी बसली, तेव्हा कुठे तळवाचक आला.

तळवाचक म्हणजे बोटीच्या पोटाखाली बसवलेले यंत्र. ते पाण्यात आवाज सोडते आणि तळावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढते. एवढे तंत्र जुनेच. नवे होते ते असे, की एका बोटीने जाता जाता घेतलेल्या नोंदींत भरतीचा, प्रवाहाचा आणि वाऱ्याचा हिशेब मिसळून आजूबाजूची सगळी वाळू कुठे सरकली असेल ते यंत्राला वीतभराच्या फरकाने सांगता येऊ लागले. म्हणजे एक बोट तोंडातून गेली, की पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत मागच्या सगळ्यांना वाट दिसली. त्या नकाशावरून यंत्रच सुकाणू फिरवी; तांडेलाने हाताची घडी घालून उभे राहायचे. नकाशा हिरवा असेल तर यंत्र आत शिरे, नसेल तर बाहेर थबके. मैथिलीच्या वयाच्या तांडेलांनी स्वतःच्या हाताने बोट तोंडातून आत घातलेलीच नव्हती.

हे नकाशे राहत अच्युतरावांच्या सर्व्हरवर. सगळा समुद्र चौकटींत वाटलेला आणि प्रत्येक चौकटीची एक फाईल. दोन बोटी एकाच फाईलमध्ये एकदम लिहू लागल्या तर चित्राचा काला होईल, म्हणून लिहिणाऱ्या बोटीला सर्व्हर त्या चौकटीचे कुलूप देई. समुद्रात नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून कुलूप हातात असेपर्यंत बोट फाईलची एक प्रत स्वतःजवळ ठेवी, नवे सगळे त्या प्रतीत लिही आणि पल्ल्यात आली की सर्व्हरला देऊन टाकी. मध्येच दुसऱ्या बोटीला ती चौकट हवी झाली, तर सर्व्हर पहिलीला हाक मारी : लिहिलेले दे, कुलूप सोड. पहिली देई आणि सोडी. अच्युतरावांनी सुरुवातीला बसवलेला हा व्यवहार असा समजूतदार होता.

तो बदलला माणसांनी. ‘बिघडवला’ म्हणायला अच्युतरावांची जीभ आजही रेटत नसे, कारण माणसांचेही काही चुकले होते असे त्यांना ठामपणे म्हणता येत नव्हते.

वेळसुऱ्यात मासळीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. दक्षिणेला जायचे असले तरी बोट आधी उत्तरेकडे नाक करून निघते आणि काठावरून दिसेनाशी झाली की वळते. मासळी लागली की तांडेल आधी वायरलेस बंद करतो आणि मग जाळे टाकतो. मालाचा लिलाव आटोपायच्या आत ‘कुठे होतास रे?’ असे विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणे. आणि इथे सर्व्हरचा नकाशा तर सगळेच सांगू लागला! कुठली चौकट कुणी कधी लिहिली ते पोरासोरांनाही दिसू लागले. एकदा मैथिलीलाच सोन्याच्या भावाचा घोळ मासा लागला. दुसऱ्या दिवशी तिच्या मागावर सगळे बंदर लोटले.

मग सोसायटीची सभा भरली आणि ठराव झाला. कुलूप असलेली चौकट दुसऱ्याने वाचायचीसुद्धा नाही. आणि बोटीने लिहिलेले सर्व्हरला जाईल ते लिलावानंतर. त्याआधी द्यायचेच झाले तर तांडेलाने स्वतः यंत्रावर अंगठा लावला तरच.

“खाडीच्या तोंडाची चौकट तेवढी यातून वगळूया का?” अच्युतराव मागच्या रांगेतून म्हणाले होते. आवाज कसाबसा पुढच्या दोन रांगांपर्यंत पोचला.

“तोंडच तर बंद ठेवायचंय!” मोरेश्वर उठून म्हणाला होता. “बाहेर पडल्यावर बोट कुठल्या अंगाला वळली एवढं कळलं की झालं की! बाकीचं शोधायला काय अक्कल लागते?”

सभा हसली. मैथिलीही हसली. अच्युतराव खाली बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम सगळ्या समुद्राला सरसकट लावून टाकला. रोजच्या गर्दीत हाकेला अंगठा मिळे, म्हणून आजवर कुणाचे अडले नव्हते.

दाराशी पावले वाजली. सोसायटीचे चेअरमन गजानन टिकम धापा टाकत वर आले. त्यांच्या मागे, पदर डोक्यावर धरून, मोरेश्वरची बायको सुलभा. गावात घरोघरी वायरलेसचा डबा असतो. दोघांनीही मैथिलीचे बोलणे ऐकले होते.

“काय भानगड आहे, रेडकर?”

“तोंडाचं कुलूप मोरेश्वरकडे आहे. पहाटे बाहेर पडताना घेतलेलं. तो हाकेला येत नाही.”

“मासळी लागली असणार. डबा बंद करून बसला असेल,” चेअरमन म्हणाले. “तुमच्याकडे मोडायचं बटण आहे ना?”

“आहे.”

“मग वाट कसली बघताय? मुहूर्ताची?”

अच्युतरावांनी पडद्यावरच्या बटणाकडे पाहिले. त्यांना समजावून सांगता येत नसे. सांगायला लागले की वाक्ये एकमेकांत अडकत. पण आज सांगणे भाग होते.

“मोरेश्वर पहाटे तोंडातून गेला, तेव्हा त्याच्या यंत्राने दांडा आज कुठे आहे ते टिपलं. ते टिपण त्याच्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही. माझ्याजवळचं चित्र परवाचं आहे, आणि मध्ये अमावास्येचं उधाण येऊन गेलं.”

“परवाचं तर परवाचं. काहीच नसल्यापेक्षा बरं.”

“परवाचं म्हणून दिसणार नाही ना ते! कुलूप मोडलं, की सर्व्हरच्या लेखी मध्ये कुणी काही लिहिलंच नाही. म्हणजे माझ्याकडचंच खरं. तो तोच नकाशा हिरवा करून देईल. मैथिलीचं यंत्र डोळे मिटून त्याच्यावरून चालेल.”

सुलभा पुढे आली.

“आणि आमच्यांचं काय होईल, भावोजी? कुलूप मोडलं तर?”

हा प्रश्न कुणी विचारू नये असे अच्युतरावांना वाटत होते.

“मोडलेल्या कुलपाची प्रत यंत्र जवळ ठेवत नाही, वहिनी. एका चौकटीची दोन चित्रं नकोत, म्हणून पल्ल्यात आल्याबरोबर ते स्वतःजवळचं पुसतं आणि माझ्याकडचं घेतं.”

“म्हणजे खरं काय ते फक्त त्यांच्याकडे आहे, आणि ते तुम्ही इथून पुसणार.”

“हो.”

“मग हात लावू नका त्याला.”

“वहिनी, बाहेर ह्यांची पोर आहे,” चेअरमन म्हणाले.

“आणि माझा नवरा काय पाहुणा आहे?”

वायरलेस पुन्हा बोलला. “बाबा? इथे आता उभं राहवत नाही. लाटा उंच व्हायला लागल्यात.”

अच्युतरावांनी माइक हातात घेतला आणि तिला सगळे सांगितले, जसे सांगता आले तसे. मग ती म्हणाली, “दुसरं बंदर गाठेपर्यंत वादळ माझ्या डोक्यावर असेल. हाताने आत यायचं, तर तळवाचक खालचं दाखवतो, पुढचं नाही. दांडा दिसेल तेव्हा मी त्याच्यावरच असेन.”

“माहीत आहे.”

“मग मोडा ना. परवाची वाट असेलसुद्धा अजून तशीच.”

“असेल. किंवा नसेल.”

“बाबा, तुम्हाला आयुष्यात कधी एखादी गोष्ट नक्की माहीत असते का हो?”

डब्यातून हे वाक्य साऱ्या गावात गेले असणार. अच्युतरावांचे कान तापले.

“एवढी एकच आहे,” ते म्हणाले. “मी नाही मोडणार.”

त्यांनी माइक खाली ठेवला. नक्की म्हणून सांगितले खरे. पण मनातल्या मनात त्यांना काहीच नक्की नव्हते. दांडा हललाच नसेल तर? आपण इथे पंख्याखाली बसून बरोबर ठरू, आणि ती तिथे बुडेल. ही आपली नेहमीची भित्री सावधगिरी तर नव्हे, जिला आपण शहाणपण म्हणत आलो? मैथिलीची आई असती तर तिने केव्हाच बटण दाबले असते, की आपला हात धरला असता? ती जाऊन इतकी वर्षे झाली होती, की आता तिच्या वतीने उत्तर देण्याचाही त्यांना धीर होईना.

खिडकीच्या काचा वाऱ्याने कुरकुरू लागल्या.

“मोरेश्वर कुठे आहे ते कळलं,” अच्युतराव हळूच म्हणाले, कुणाकडे न बघता, “तर मैथिली तिथपर्यंत जाऊ शकते. अजून तेवढा वेळ आहे. तिने जाऊन त्याला गाठलं, तर दोघं बरोबर परत येतील. पल्ल्यात आल्यावर त्याने अंगठा लावला की झालं.”

“कुठे आहे ते कुणाला माहीत असणार?” चेअरमन म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले.

खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते. तांडेल आपली जागा एकाच माणसाला सांगून ठेवतो, बायकोला. शोधायची वेळ आली तर कुठे शोधायचे ते घरात एकाला तरी माहीत असावे म्हणून. आणि ती कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावालाही नाही, जावेलाही नाही. तिला ते विचारायचेच नसते. अच्युतरावांनी विचारलेही नव्हते. तरी त्यांना वाटले, आपण काहीतरी फार हलके वागलो.

सुलभा खिडकीपाशी गेली. समुद्र शिशाच्या रंगाचा झाला होता.

“मी खाली जातो,” चेअरमन म्हणाले. “तुम्ही ह्यांच्या कानात सांगा, वहिनी.”

“ह्यांच्या कानात सांगून पोरीला कसं कळेल?”

खरेच होते ते. मोबाईल सकाळपासून मेले होते. वादळाच्या आधी ते नेहमीच मरत. सर्व्हर बोटीच्या यंत्राशी बोले, पण नकाशापलीकडे त्याला भाषा नव्हती.

“चौकट सांगितलीत तर मी निदान...” अच्युतराव म्हणाले.

“मला चौकट-बिवकट नाही ठाऊक, भावोजी. आमच्याकडे खुणा असतात. त्या समुद्रातून मागे वळून बघितल्यावरच दिसतात. जो तिथे आहे त्यालाच सांगायला हव्यात.” तिने डब्याकडे बोट केले. “हा घरोघरी वाजतो ना?”

“हो.”

“चालूच असतील सगळ्यांचे.”

“आत्ता तर नक्कीच.”

सुलभाने पदर खोचला. माइक कसा धरायचा ते तिला माहीत नव्हते. अच्युतरावांनी तिच्या हातात दिला आणि बटणावर तिचे बोट ठेवून दिले.

“मैथिली बाय, मी सुलभाकाकी. नीट ऐक गो. दीपगृहाच्या अंगाने बाहेर जा. दीपगृह तांबड्या कड्याच्या आड गेलं तरी थांबायचं नाही, चालत राहायचं. मग मागे वळून बघ. भगवतीच्या देवळाचा कळस दोन माडांच्या मध्ये येतो. त्यातला एक माड वाकडा आहे. तसा कळस मध्ये आला, की तिथून सरळ समुद्रात. निळं पाणी काळं व्हायला लागतं. खाली खडक आहे. तिथे आहेत ते.”

डबा खरखरला.

“काकी,” मैथिली म्हणाली, “नक्की सांगताय ना हे? म्हणजे, सगळे ऐकताहेत...”

“सांगून झालं गो. आता जा तू.”

‘जलसखी’चे इंजिन गुरगुरल्याचा आवाज आला आणि मग नाहीसा झाला. खाली कारखान्यात बर्फ फोडणे थांबले होते. तिथेही डबा होता.

“तुम्ही कधी गेला होता तिथे, वहिनी?” अच्युतरावांनी विचारले. काहीतरी विचारायला हवे म्हणून.

“मी कशाला जाते? सासऱ्यांनी ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. लग्नानंतर पहिल्यांदा निघाले तेव्हा. दोनदा म्हणून घेतलं होतं माझ्याकडून.” ती खुर्चीत टेकली. “आता बोलायचे नाहीत माझ्याशी.”

“असं कसं? जिवावरचा प्रसंग...”

“तुम्ही पुण्याला होता, भावोजी,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

अच्युतरावांनी मान खाली घातली. नंतर वर बघितले तेव्हा त्यांना दिसले, की चेअरमन भिंतीकडे तोंड करून उभे आहेत आणि त्यांचे ओठ हलताहेत. दीपगृह, कडा, कळस, वाकडा माड. ते पाठ करत होते.

त्यांना दोष देता येईना. अच्युतरावांच्याही डोक्यात त्या खुणा तशाच बसल्या होत्या. मन काही पुसता येणारी प्रत नव्हती.

पाऊस तिरपा मारू लागला. अच्युतरावांनी तीनदा माइक उचलला आणि खाली ठेवला. मैथिली कड्याआड गेली होती, तिथे आवाज पोचत नव्हता. सुलभा हातातली बांगडी मागेपुढे करत बसली होती. आणि अचानक डबा खाकरला.

“अच्युता! पोर भोंगा वाजवून वाजवून माझी मासळी पळवून लावतेय. काय पाहिजे तुला?”

सुलभाने डोळे मिटले.

“मोरेश्वरा, आलास का पल्ल्यात? तोंडाचं लिहिलेलं दे. यंत्रावर अंगठा लाव.”

“लिलाव झाला नाही अजून.”

ती थट्टा होती की काय, ते अच्युतरावांना कळेना. मग डब्यातून मोरेश्वरचे हसणे ऐकू आले, कोरडे, तुटक.

“लावला. घे.”

पडद्यावरची ओळ बदलली. ‘रत्नमाला’ने लिहिलेले सर्व्हरवर उतरू लागले आणि तोंडाचे चित्र कडेकडेने भरत आले. अच्युतरावांनी आधी त्या फाईलवरचा लिलावाचा नियम काढून टाकला, म्हणजे एक बोट आत येताच दुसरीला वाट मिळेल. मग त्यांनी परवाचे चित्र काढून आजच्या चित्रावर ठेवले.

“काय दिसतंय?” सुलभा त्यांच्या खांद्यामागून वाकली.

“ही हिरवी रेघ परवाची वाट. आणि हा पिवळा पट्टा आजचा दांडा.”

रेघ पट्ट्याच्या बरोबर मधून गेली होती. सुलभाने बोटाने ती रेघ पट्ट्यापर्यंत गिरवली आणि बोट उचलून घेतले.

दोन्ही बोटी आत आल्या. आधी ‘जलसखी’, मागून ‘रत्नमाला’. धक्क्यावर छत्र्या उलट्या होत होत्या तरी सगळे गाव जमले होते. मैथिली उडी मारून उतरली ती वडिलांकडे न येता आधी सुलभाकडे गेली. तिचे दोन्ही हात धरून ती काहीतरी बोलली. वाऱ्यात कुणाला ऐकू गेले नाही. मग ती अच्युतरावांसमोर उभी राहिली.

“मोडलं असतंत तर?”

“असतीस तू दांड्यावर.”

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी होते की पाऊस, ते त्यांना समजले नाही. असल्या गोष्टी त्यांना कधीच समजत नसत.

मोरेश्वरने दोर बांधला. दोनदा ओढून पाहिला. सुलभाच्या बाजूने जाताना तो थांबला.

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“सगळ्यांना.”

त्याने मान डोलावली आणि तो घराकडे चालू लागला. दोन पावले गेल्यावर वळून अच्युतरावांना म्हणाला, “पोर वाचली ते बरं झालं.” हे त्याने अगदी मनापासून म्हटले, आणि म्हणूनच अच्युतरावांना ते सहन होईना.

वादळ ओसरले. समुद्र निवळला आणि बोटी सुटल्या, त्या दिवशी एकाही बोटीने उत्तरेकडे नाक केले नाही. एकामागून एक सगळ्या दीपगृहाच्या अंगाने गेल्या. तीन पिढ्यांनी जपून जपून खाल्लेला तो खडक होळीपर्यंत रिकामा झाला. मोरेश्वर दूर दूर जाऊ लागला आणि अर्ध्या टोपल्या घेऊन येऊ लागला. घरात तो बायकोशी बोले, पण मीठ दे, दार लाव, एवढेच. सुलभा धक्क्यावर आली की बायका तिला सरकून जागा देत, आणि गप्पा थांबत.

वर्षाची सभा भरली तेव्हा अच्युतराव पुढच्या रांगेत बसले. बोलायचे ते त्यांनी कागदावर लिहून आणले होते. उठल्यावर ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. त्यांनी तो खिशात घातला.

“समुद्र तुमचा. तो हवा तसा लपवा,” ते म्हणाले. “खाडीचं तोंड तेवढं सगळ्यांना उघडं असू द्या. लिहिलेलं तिथल्या तिथे द्यायचं, लिलावाची वाट बघायची नाही. नाहीतर पुन्हा कुणीतरी बाहेर अडकेल, आणि पुन्हा माझ्यापुढे ते बटण असेल. मला ते...” त्यांनी दोन्ही चित्रे भिंतीवर लावली : परवाची रेघ, आजचा दांडा.

सभेने चित्रे पाहिली. कुणी च्-च् केले. मग चेअरमन म्हणाले, “ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.”

पहिला हात मोरेश्वरचा होता. “माझं काय लपवायचं राहिलंय?” तो म्हणाला. काही जण हसले आणि लगेच गप्प झाले. आणखी चारदोन हात वर झाले, म्हाताऱ्यांचे. अच्युतरावांनी मागे वळून पाहिले. मैथिली खिडकीपाशी बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

ठराव पडला. अच्युतरावांनी त्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाला लिलावाचा नियम परत लावला. सभेचा निर्णय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर गेले. मैथिली निघायच्या तयारीत होती. खलाशी बर्फ भरत होते.

“तू हात वर केला नाहीस.”

“नाही.”

“तूच बाहेर उभी होतीस, मैथिली.”

“म्हणूनच.” ती जाळ्याचा पदर आवरत राहिली. “मी त्यांच्या शेजारी बोट नेऊन लावली ना, तेव्हा मोरेश्वरकाकांचं जाळं भरलेलं होतं. त्यांनी मला बघितलं आणि सगळं समजले. काही बोलले नाहीत. जाळं कापून टाकलं आणि निघाले. बाबा, तुम्ही त्यांचं तोंड बघितलं नाहीत. माझं तसं तोंड व्हायला नको मला.”

“म्हणजे तुलाही जागा मिळालीय.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे लहानपणचे हसू त्यांना दिसले. “तुमच्याशी बोलताना सांभाळायला हवं.”

“कुठे ते विचारत नाही मी,” अच्युतराव घाईने म्हणाले. “पण कुणाला तरी सांगून जा. घरात एकाला माहीत असावं. मी कुणाला बोलणार नाही. मला बोलता येतच नाही, तुला ठाऊक आहे.”

मैथिलीने शेजारच्या बोटीकडे नजर टाकली. तिथला तांडेल निघाला होता आणि त्याची बायको धक्क्यावर उभी होती, जेवणाचा रिकामा डबा हातात घेऊन. दोघांत काही बोलणे झाले नाही. आताशा कुठलाच तांडेल निघताना बायकोला जागा सांगत नसे.

“सुलभाकाकींनाही एकटीलाच माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली.

इंजिन सुरू झाले. अच्युतराव खाली वाकले. दोराची गाठ पाण्याने आवळून बसली होती. ती त्यांना लवकर सुटेना. शेवटी सुटली, आणि त्यांनी दोर तिच्या हातात दिला.